‘दोघांनीही’ आणि ‘दोघांनी मिळून’

सोलापूरच्या एका वाचक ताईंनी खुनाच्या खटल्याची बातमी वाचली: ‘परिस्थितीजन्य पुराव्यावरून दोघांची सामूहिक जबाबदारी सिद्ध, समान हेतू असल्याचा निष्कर्ष.’ त्या विचारतात, परिस्थितीजन्य म्हणजे नेमकं काय, आणि समान हेतू, सामाईक इरादा, संगनमत हे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? शेजारी बसलेल्या सासूबाईंनी बातमी ऐकून विचारलं म्हणे, “म्हंजे परिस्थिती नव्हती म्हणून मारलं का?”

सासूबाईंना हसू नका. आपल्याकडे ‘परिस्थिती’ हा शब्द विशेषणाशिवाय आला की तो पैशाबद्दलच असतो. ‘त्यांची परिस्थिती नाही’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. कोर्टातली परिस्थिती म्हणजे घटनेच्या आजूबाजूची हकीकत, आणि ‘जन्य’ म्हणजे तिच्यातून निपजणारा. मारताना कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलेला साक्षीदार फितूर झाला. पण आदल्या रात्री मयताबरोबर कोण दिसलं, पंचांसमोर हत्यार कुणी काढून दिलं, घटनेनंतर कोण गावातून गायब झालं, यांतून जे निघतं ते.

या सगळ्याला वकील ‘पुराव्याची साखळी’ म्हणतात. सोलापुरात खरं तर मागाची उपमा सुचायला हवी होती. पण मागावर ताण्याचा एक धागा तुटला तर कामगार तो सांधतो आणि चादर पुढे विणली जाते. साखळीची कडी निखळली तर तिला टांगलेलं सगळं खाली येतं. तेव्हा साखळीच बरोबर. १९८४ साली शरद बिरदीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशा पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना चक्क ‘पंचशील’ म्हटलं. त्यातली भाषेच्या माणसाला आवडेल अशी गोष्ट क्रियापदाची आहे. ‘आरोपीनं केलं असेल’ आणि ‘आरोपीनंच केलं असलं पाहिजे’ यांत नुसता जोराचा फरक नाही, हे न्यायालयानं १९७३च्या शिवाजी बोबडे खटल्यातच बजावलं होतं. मराठीत तर आणखी एक पायरी आहे: ‘असावं’. ‘दोघांनीच केलं असावं’ हे वाक्य चौकशीच्या कागदात चालतं, निकालात नाही.

आता मूळ प्रश्न. माझे वडील कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायचे. मी वकील नाही, पण ‘३०२ सह ३४’ हे शब्द पाढ्यांसारखे कानावरून गेलेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या ३०२चं १०३ झालं आणि ३४ हे कलम संहितेच्या ३(५)मध्ये गेलं, तरी बोलताना ‘चौतीस लागलं’ हेच येतं. हे ‘चौतीस’ म्हणजेच सामाईक इरादा. त्याला बातम्यांत समान हेतू, समान उद्देश, सामायिक हेतू असं काहीही म्हणतात, आणि गोंधळ तिथंच होतो.

‘समान’ म्हणजे सारखा. ‘सामाईक’ म्हणजे दोघांत मिळून एक. तुमच्याकडे विहीर आहे आणि शेजाऱ्याकडेही तशीच आहे, तर त्या समान. बांधावरची एकच विहीर दोघांच्या सातबाऱ्यावर असली, तर ती सामाईक. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयानं, १९४५ साली महबूब शाह खटल्यात हाच भेद केला. सिंधू नदीकाठी बोरूसारखं गवत कापण्यावरून भांडण झालं. आरडाओरडा ऐकून दोघं बंदुका घेऊन धावले. एकाच्या गोळीनं एक माणूस मेला, दुसऱ्याच्या, म्हणजे महबूब शाहच्या, गोळीनं दुसरा जखमी झाला. दोघांचा इरादा सारखा असेलही, पण आधी जुळवलेला एक इरादा होता हे दिसत नाही, असं म्हणून महबूब शाहची खुनाची शिक्षा रद्द झाली.

हे समजायला इंग्रजी निकाल वाचायची गरज नाही, मराठीचं व्याकरण पुरतं. ‘दोघांनीही मारायचं ठरवलं’ आणि ‘दोघांनी मिळून मारायचं ठरवलं’ ही वाक्यं जोरात म्हणून बघा. ‘ही’ दोघांना वेगवेगळं मोजतो, ‘मिळून’ दोघांचा एक करतो. सरकारी वकिलाला सिद्ध करायचं असतं ते हे ‘मिळून’. मनातलं कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून ते बहुधा परिस्थितीवरूनच काढावं लागतं: एकानं हात धरले आणि दुसऱ्यानं वार केला, एकानं दाराबाहेर पहारा दिला, दोघं एकाच मोटारसायकलवरून आले आणि एकाच वाटेनं गेले. इथं ‘सोबत’, ‘एकत्र’, ‘मिळून’ हे शब्द बातमीदारांनी जपून वापरावेत. जेवायला सोबत बसलेला माणूस खुनात मिळून असतोच असं नाही.

‘संगनमत’ फिर्यादीत सर्रास येतं: ‘आरोपींनी आपसात संगनमत करून’. मला तो शब्द इथं जरा अरुंद वाटतो. त्यात आधी बसून ठरवल्याचा वास आहे आणि तो कटाला जास्त शोभतो. सामाईक इरादा वाराच्या क्षणभर आधी, जागच्या जागीही जुळू शकतो, नुसत्या नजरानजरेत.

पाच किंवा अधिक माणसं झाली की बेकायदेशीर जमावाचं वेगळं कलम येतं. पूर्वीचं १४९, आता १९०. ‘जमाव’ म्हटलं की सोलापूरकराला मे १९३० आठवतोच. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. एक आरोप आणि चार माणसं, हे गणित आपण चार हुतात्मा चौकातून जाता-येता बघतो.

राहिली ‘सामूहिक जबाबदारी’. ती मंत्रिमंडळाची असते. शिवाय सामूहिक म्हटलं की वाटून घेतल्यासारखं, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं असं वाटतं. इथं उलट आहे. पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार असले तर सगळी रक्कम कुणाही एकाकडून वसूल होते, तसं. कायदा म्हणतो, जणू ते कृत्य त्यानं एकट्यानंच केलं. म्हणून ‘संयुक्त जबाबदारी’ बरं. मी मथळा असा दिला असता: ‘दोघांनी मिळून खून केल्याचं परिस्थितिजन्य पुराव्यावरून सिद्ध’.

आणि हो, त्यात ‘ति’ ऱ्हस्वच. ‘परिस्थिती’ एकटी असताना दीर्घ, पण समासात पहिलं पद झाली की ‘बुद्धिप्रामाण्य’, ‘शक्तिप्रदर्शन’ यांसारखी ऱ्हस्व. तुमच्या बातमीतही दीर्घच छापलंय.