आईचं मुखत्यारपत्र: "वेळ आली की करू" म्हणणाऱ्या भावासाठी

आई एकच बिल दोनदा भरते, मुदत ठेवी कुठे आहेत ते तिला आठवत नाही, आणि भाऊ म्हणतो, "एवढ्यात कशाला, वेळ आली की करू." मग थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. तो आई देणार, तुम्ही घ्यायचा नसतो. सही करताना आपण कोणाला काय देतोय हे तिला कळायला हवं. भाऊ म्हणतो ती वेळ खरंच आली, तर सही करणारंच कोणी उरलेलं नसेल.

आमच्या वडिलांनी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे सगळ्या व्यवहारांचं मुखत्यारपत्र, वेळेत केलं होतं, तरी मी अडकले. वर्षभर काम चाललं. मग त्यांना झटका आला आणि ते माणसं ओळखेनासे झाले. बँकेतल्या अधिकाऱ्याने विचारलं, "त्यांना हे व्यवहार समजतात ना?" मी खरं ते सांगितलं आणि कागदाचा उपयोग तिथेच संपला. तेव्हा मी फार चिडले, पण चूक त्याची नव्हती. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार देणारा वारला किंवा त्याची समज गेली की मुखत्यारी संपते. शिक्का, नोंदणी, काहीही असलं तरी.

सगळीकडे असं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 च्या कायद्याने 'लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी', म्हणजे टिकून राहणारी मुखत्यारी, आणली. समज गेल्यावरही ती चालते, मात्र सरकारी कार्यालयात नोंदवल्याशिवाय वापरता येत नाही. अमेरिकेत तसाच 'ड्युरेबल' प्रकार आहे, पण सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शनचं, कार्यालय तोही मानत नाही. पेन्शन हाताळायला ते स्वतः वेगळा माणूस नेमतं. म्हणून आई ज्या देशात राहते तिथल्या वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा: तिची समज गेल्यावर हा कागद चालेल का? फीचं नंतर बोला.

भारतात मग उरतं कोर्ट. अशा माणसासाठी पालक नेमायला स्पष्ट कायदेशीर वाट नाही म्हणून लोक उच्च न्यायालयात रिट, म्हणजे थेट न्यायालयाचा आदेश मागणारा अर्ज, करतात. कोमातल्या रुग्णांसाठी केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या: वैद्यकीय मंडळाची तपासणी, मालमत्तेचा तपशील, वारसांची माहिती. आम्ही असंच केलं. तेवढ्या महिन्यांत औषधपाण्याचा खर्च आमच्या खिशातून, आणि वडिलांचे पैसे त्यांच्याच खात्यात पडून.

हे टाळायचं तर आईचं रोजच्या खर्चाचं एक खातं आत्ताच तुमच्यासोबत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघींपैकी कोणीही एकटीने चालवू शकेल असं संयुक्त खातं, करून घ्या. फक्त एकच, आणि त्यात मोजकी रक्कम ठेवा. सगळ्या ठेवींवर तुमचं नाव लागलं तर उद्या भाऊ विचारेल, ते पैसे कोणाचे, आणि त्याचं विचारणं रास्तच असेल. नॉमिनी म्हणून नाव आहे यावरही विसंबू नका. आई हयात असताना नॉमिनीला काही अधिकार नाही, आणि नंतरही नुसत्या नॉमिनेशनने मालकी मिळत नाही.

एक गोष्ट मात्र बरेच जण उगाच गुंतागुंतीची करतात. शरीर थकलंय, हात थरथरतात, सही जुळत नाही, पण डोकं शाबूत आहे, अशा खातेदाराला पैसे काढायला मुखत्यार लागत नाही. साक्षीदारांसमोर अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. बँकेत गेलात की नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

तुमच्या आईचं प्रकरण मधलं आहे, आणि तेच नाजूक. वार विसरणं म्हणजे समज जाणं नव्हे. "माझ्या पेन्शनचं मुलगी बघेल" हे तिला कळत असेल आणि गुंतवणुकीचे आकडे कळत नसतील, तरी पहिल्या गोष्टीपुरती ती सक्षम असू शकते. सहीच्याच दिवशी डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र घ्या. वकील तिच्याशी बोलत असतील तेव्हा तुम्ही दोघं बाहेर बसा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे कोणी बोट ठेवलं तर "मुलीने सही करून घेतली" हेच म्हणतील.

दोघांना मुखत्यार करणार असाल तर "दोघांनी मिळूनच" हे शब्द घालू नका. एक परगावी गेला किंवा रुसला की सगळं ठप्प. "दोघांपैकी कोणीही" लिहा, आणि घर किंवा जमीन विकायचा अधिकार त्यातून सरळ वगळा. भावाची निम्मी धास्ती त्यानेच कमी होईल.

आणि वही ठेवा. आईचा रुपया आणि तुमचा रुपया एका खात्यात मिसळू देऊ नका, पावत्या फेकू नका. मी पहिले चार महिने आळस केला होता. ते चार महिने बहिणीला समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली.