डब्याचा कॅमेरा आणि जुने वाडे

प्रश्न: जुन्या नाशकातले पडायला आलेले वाडे घरी केलेल्या पिनहोल कॅमेऱ्याने (भिंगाऐवजी बारीक भोक असलेला डबा) काढतोय पण सगळं धुरकट येतं, काय करू? – एक वाचक, पंचवटी

उत्तर: भोक मोठं झालंय बहुतेक. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घ्या, सुईचं नुसतं टोक टेकवा, मागचा उंचवटा पॉलिश पेपरने घासा, आतला फोटोपेपर (उजेडाने चित्र उमटणारा कागद) भोकापासून ७ सेंमीवर असेल तर भोक ०.३५ मिमीच्या आसपास हवं. आणि डबा हातात धरू नका हो, ओट्यावर ठेवून वर दगड ठेवा. फोटोपेपरला कडक उन्हात अर्धा मिनिट, बोळातल्या सावलीत ५-१० मिनिटं लागतात, तेवढ्यात समोरून गेलेल्या स्कूटर उमटतच नाहीत, ही मजाच आहे! पावसाळ्यात मात्र फोटो बाहेरूनच काढा, मातीच्या भिंती कधी बसतील नेम नाही.