खाणपट्टा मिळाला? आधी सातबारा बघ

दगडाचा खाणपट्टा मंजूर झाला, छान. पण पोकलेन उतरवण्याआधी डिजिटल सहीचा सातबारा काढून त्यातला ‘इतर हक्क’ रकाना (कर्ज, बोजा, दुसऱ्यांचे हक्क) नीट वाच. पट्टा वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर दस्त नोंदव, मग तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर बदलाची नोंद. माझ्या फेरफारात गट नंबर बरोबर होता, पोटहिस्सा (गटाचा उपविभाग) चुकला होता! कळलं तेव्हा शेजाऱ्याने हरकत घेतलेली, चार महिने मशीन उभी. म्हणून सांगतो, मंजुरीचा आदेश, मोजणीचा नकाशा आणि सातबारा शेजारी-शेजारी ठेव, क्षेत्र आर-आर (आर म्हणजे गुंठ्याएवढं माप) जुळव. ‘महाखनिज’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरचा वाहतूक पास गाडी हलण्याआधीच काढायचा. विनापरवाना माल सापडला तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८(७), बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. वर गाडीही अडकते.