वजाचं काम हायफनवर भागवू नकोस

इंदूरला राजवाड्याजवळच्या क्लासच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका आता तू टाइप करणार, तर एक सवय आत्ताच लावून घे. कीबोर्डवरची आडवी रेघ म्हणजे हायफन. खरं वजाचिन्ह वेगळं, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरावीक कोड देणाऱ्या पद्धतीत, त्याचा कोड २२१२. ‘क - ख’ आणि ‘क − ख’ शेजारी ठेवून बघ. वजाची रेघ अधिकाइतकी रुंद, हायफनची आखूड. परीक्षेच्या घाईत मुलांच्या नजरेतून ती सुटते, आणि मार्क त्यांचे जातात.

वर्डमध्ये इंग्रजी अंकांत २२१२ टाइप करून ऑल्ट-एक्स दाब. आधी लागूनच ७ असेल तर वर्ड तोही कोडात धरतं, म्हणून तेवढे चारच अंक सिलेक्ट कर. एक्सेलच्या सूत्रात, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र हायफनच हवा. गुणाकारालाही एक्स अक्षर नको, × घे: ००डी७.