पोस्टरवरची शौचाची ओळ कापू देऊ नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. वडील स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, ऑफिसात नोव्हेंबरमध्ये जनजागृती करायचीय आणि एचआर म्हणतंय जांभळ्या फिती वाटू, मोफत रक्ततपासणी ठेवू. भाऊ गेल्यावर मीही नेमका याच खटाटोपात पडलो होतो. फिती, वक्ता, हॉल हे सगळं होतं, त्यावर लिहीत नाही. घोळ होतो तो मजकुरात.

आमच्याकडच्या आरोग्य समितीला (नाव घेत नाही, मंडळी अजून तिथेच आहेत) मी लक्षणं लिहून दिली होती. त्यात एक ओळ अशी : 'शौच फिकट, तेलकट होणं, पाण्यावर तरंगणं, फ्लश करूनही भांड्याला चिकटून राहणं.' ती कापली. का, तर जेवणाच्या हॉलबाहेर असलं बरं दिसत नाही. 'लघवी गडद' हेही गेलं. पाठदुखीवर शेरा आला, पाठ सगळ्यांचीच दुखते, लोक उगाच घाबरतील. मग छापलं काय? 'संतुलित आहार घ्या, ताण टाळा' आणि एक हसरं कुटुंब. अहो, हे पोस्टर कुठल्याही आजाराला चाललं असतं! भावाला कितीतरी दिवस तसंच शौचाला होत होतं आणि लाजेपोटी तो घरातही बोलला नाही. त्या एका ओळीसाठीच तर मी हे सगळं करत होतो. कारण द्यायचंच होतं तर निदान सिगारेटचं नाव तरी छापायचं, ते पक्कं ठाऊक असलेलं कारण आहे.

रक्ततपासणीला सरळ नाही म्हणा. अशा शिबिरात सीए १९-९ करतात, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा एक घटक मोजतात. तिचा उपयोग मुख्यतः निदान झाल्यावर, उपचार लागू पडतायत का ते बघायला. पित्तनलिका साध्या खड्यामुळे तुंबली तरी आकडा चढतो, आणि काही जणांच्या शरीरात तो घटक तयारच होत नाही, त्यांचा रिपोर्ट कॅन्सर असूनही नॉर्मल येणार. असा माणूस निर्धास्त होऊन घरी जातो, हे मला जास्त भयंकर वाटतं. लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नका, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानेही २०१९ मध्ये सांगितलंय.

मी डॉक्टर नाही, मजकूर एखाद्या पोटविकारतज्ज्ञाला दाखवूनच छापा. पण माझं मत विचाराल तर कावीळ एकटी लिहू नका. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असेल तर पोट न दुखता कावीळ होते, शेपटीकडे असेल तर बहुधा होतच नाही. तिथे पोटातून पाठीत जाणारी, आडवं पडल्यावर वाढणारी आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारी कळ असते. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही उतरतंय, हेही लिहा. मात्र नव्या मधुमेहींत शंभरात जेमतेम एकाला हा कॅन्सर निघतो, तेही त्याच ओळीत हवं, नाहीतर समितीचं 'लोक घाबरतील' खरं ठरायचं.

सोनोग्राफीबद्दल कुणीच सांगत नाही. रिपोर्टमध्ये कधीकधी बारीक अक्षरात असतं, 'आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही.' घरचे ते 'सगळं नॉर्मल' असं वाचतात. म्हणजे तपासणी झालेलीच नाही! त्रास चालू असेल तर डॉक्टरांना सीटीबद्दल विचारायलाच हवं.

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं : वडिलांची जनुकीय तपासणी झाली होती का, फाईल काढून बघा. नसेल झाली तर तुम्ही आणि भावंडांनी तज्ज्ञांना विचारा. बीआरसीए२सारखा (कॅन्सरचा धोका वाढवणारा, घराण्यात चालत येणारा) जनुकातला दोष निघाला तर तुमच्यावर लक्ष ठेवायचं का, हा वेगळा विषय होतो.

आणि पोस्टर हॉलबाहेर नकोच म्हणाले तर वाद घालू नका. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावायची परवानगी मागा. तिथे लोक वाचतातही.