वरळीच्या बीडीडी चाळी आधी तुरुंग होत्या का?

नाही, हे अर्धवट खरं आहे. चाळी बांधल्या त्या राहण्यासाठीच. मुंबईत गिरणी कामगारांना जागा पुरेना, म्हणून गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, 1920 साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बीडीडी हे नाव त्यावरूनच पडलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली साधारण 160 चौरस फुटांची.

तुरुंगाची गोष्ट नंतरची. सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्याच राहिल्या. 1930 च्या सत्याग्रहात कैदी ठेवायला जागा अपुरी पडली, तेव्हा वरळीच्या काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. त्यावरून 'मुळात जेलच होतं' अशी दंतकथा पसरली. आतून पाहिलं तर ती पटतेही म्हणा! गिरगावच्या चाळीसारखी बाहेरून गॅलरी नाही. मधून बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. माझ्या आत्याकडे भर दुपारीसुद्धा बोळात दिवा लागायचा आणि सकाळी सामाईक संडासापुढे बादल्यांची रांग.

आणखी एक गल्लत: डॉ. आंबेडकर राहिले ती परळची चाळ बीआयटीची, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. बीडीडीची नव्हे.

आता म्हाडा बीडीडी चाळींचा पुनर्विकास करतंय. 500 चौरस फुटांची घरं मिळणार, वरळीतल्या पहिल्या 556 जणांना ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या मिळाल्याही.