यात्रेत चित्र काढताना

प्रश्न : मी शहादा तालुक्यातला जलरंगचित्रकार आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत बसून मी घोड्यांची चित्रे काढली. गर्दी जमली, पण ‘किती वेळ लागतो?’ आणि ‘केवढ्याला देणार?’ यापलीकडे बोलणे गेले नाही. प्रेक्षकांशी संवाद कसा साधावा?

उत्तर : या दोन प्रश्नांनी खट्टू होऊ नका, अनोळखी माणूस बोलणे काढण्यासाठी हाताशी असलेलाच प्रश्न विचारतो. किंमत पाटीवर ठळक लिहून ठेवा. वेळेबद्दल विचारणाऱ्याला मात्र नुसता आकडा सांगून वाटेला लावू नये. मार्गशीर्षातल्या सकाळी तापीकाठच्या गार हवेत रंगाचा पहिला थर सावकाश वाळतो आणि तो ओला असताना दुसरा रंग लावला तर कडा फुटतात; तेव्हा ओला कागद उजेडात तिरपा धरून त्याला ती चकाकी दाखवा आणि ती जाईपर्यंत घोड्याचे पाय का रंगवता येत नाहीत हे सांगा. तुमचा हात तसाही रिकामाच असतो.

पण खरी संधी याहून मोठी आहे. दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या त्या घोडेबाजारात तुमच्यासमोर उभे राहणारे अनेकजण घोड्याचे दात पाहून वय जोखणारे, अंगावरचे केसांचे भोवरे निरखणारे, रेवाल ही घोड्याची खास चाल लांबून ओळखणारे असतात. चित्रकला त्यांना परकी असेल, परंतु घोडा त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळतो. म्हणून चित्र पुरे होण्याची वाट न पाहता, पेन्सिलीचे रेखाटन असतानाच ‘हाऊ घोडा कसा शे, भाऊ?’ (हा घोडा कसा आहे?) असे अहिराणीत विचारा. मागच्या पायाचा सांधा खाली आला आहे, असे कोणी म्हणाला आणि ते पटले, तर त्याच्यादेखत खोडून पुन्हा काढा. ज्याचे म्हणणे कागदावर उतरते, तो सहसा लगेच निघून जात नाही; सोबत्यालाही बोलावून आणतो.

भिंतीला पाठ लावून बसू नका, लोकांना चित्र उलटे दिसते. खांद्यामागे उभे राहण्याइतकी जागा सोडा.

गर्दीत बसलेच पाहिजे असे मुळीच नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार व चित्रकार केकी मूस यांनी आयुष्याचा मोठा काळ आपल्या बंगल्यातच एकांतात काम केले, आणि ते थोरच आहे. परंतु यात्रा तुम्ही स्वतः निवडली आहे, तर पुढच्या खेपेला घोड्याचे नाव आणि मालकाचे गाव विचारून, त्याची हरकत नसेल तर, चित्राखाली अवश्य लिहा.